पुस्तक मिटल्यावर सुरू होणारा अभ्यास

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा, चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चार सत्रे वाचणारा गट पुढे होता. त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला, तर लिहून काढणाऱ्यांना ७१ टक्के. मात्र आठवड्याने परीक्षा घेतल्यावर चित्र पालटले. वाचणाऱ्यांच्या हाती ४० टक्के उरले होते, लिहिणाऱ्यांच्या हाती ६१ टक्के. आपल्याला पुढे किती आठवेल, असे आधी विचारले होते तेव्हा सर्वांत जास्त खात्री मात्र वारंवार वाचणाऱ्यांनाच वाटत होती.

अमेरिकेतल्या हायस्कुलात ‘एपी सायकॉलॉजी’ हा विषय घेणारी मुले स्मृतीचा धडा शिकताना अशाच प्रयोगांबद्दल वाचतात. ती माहितीखाली रंगीत रेघ ओढतात. मग पान उलटतात आणि पुढचा धडा पुन्हा पुन्हा वाचायला घेतात. स्मृती कशी टिकते हे त्यांना ठाऊक झालेले असते, पण ते ज्ञान स्वतःच्या अभ्यासाला लावायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. या लेखाचा सगळा मुद्दा तोच आहे. मानसशास्त्राच्या परीक्षेची तयारी कशी करावी, याचे उत्तम उत्तर मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमातच आहे. शाळकरी मुलाला महाविद्यालयीन पातळीच्या परीक्षेसाठी तयार करणे म्हणजे त्याने शिकलेले शास्त्र त्यालाच वापरायला लावणे.

परीक्षा आहे तरी कशी?

‘एपी’ म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’. हुशार मुलांना शाळेतच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचा एखादा विषय शिकता यावा, या विचारातून १९५०च्या दशकात ही योजना सुरू झाली. १९५५ पासून ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था ती चालवते. मानसशास्त्राची पहिली एपी परीक्षा १९९२ साली झाली आणि तिला चार हजारांच्या आसपास विद्यार्थी बसले. अलीकडच्या वर्षांत ही संख्या तीन लाखांच्या घरात गेली आहे. न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्निया इथल्या अनेक मराठी घरांत मे महिना या परीक्षांच्या धावपळीत जातो.

निकाल टक्क्यांत लागत नाही. १ ते ५ असे गुण मिळतात. ३ म्हणजे पात्र, ५ म्हणजे उत्तम पात्र. किती गुणांना महाविद्यालयाचे श्रेयांक द्यायचे हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. काही ठिकाणी ३ पुरतात, तर नामांकित विद्यापीठे ४ किंवा ५ मागतात.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून हा अभ्यासक्रम मुळातून बदलला. पूर्वी नऊ घटक होते, आता पाच आहेत : वर्तनाचा जैविक पाया, बोधन (म्हणजे संवेदन, स्मृती, विचार आणि बुद्धी), विकास आणि अध्ययन, सामाजिक मानसशास्त्र आणि व्यक्तिमत्त्व, मानसिक आणि शारीरिक आरोग्य. पूर्वी ७० मिनिटांत १०० बहुपर्यायी प्रश्न सोडवावे लागत. आता ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. पाच पर्यायांच्या जागी चार आले. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. या भागाला दोन तृतीयांश वजन आहे. उरलेले एक तृतीयांश दोन लेखी प्रश्नांना असून त्यांच्यासाठी ७० मिनिटे मिळतात. मे २०२५ पासून परीक्षा संगणकावर, ‘ब्लूबुक’ नावाच्या ॲपमधून होते.

प्रश्न कमी झाले आणि वेळ वाढला, म्हणून परीक्षा सोपी झाली असे पालकांना वाटते. तसे नाही. जुन्या पद्धतीत संज्ञा आणि शास्त्रज्ञांची नावे पाठ करून बरीच मजल मारता येत असे. आता प्रश्न लांब झाले आहेत. एखादा प्रसंग दिलेला असतो, तक्ता किंवा आलेख असतो, एखाद्या संशोधनाचा सारांश असतो, आणि विचारले जाते : इथे काय घडते आहे, आणि कशावरून? पाठांतराची जागा आता पारखण्याने घेतली आहे.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

भौतिकशास्त्राचा पेपर उघडला की अवघडपणा समोरच दिसतो. मानसशास्त्राचे तसे नाही. स्मृती, भावना, बुद्धी, शिक्षा, ताण हे सगळे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. त्यामुळे वाचतानाच सगळे कळल्यासारखे वाटते आणि तिथेच पाय घसरतो.

सर्वांत जास्त मुले ज्या एका संज्ञेवर अडखळतात ती म्हणजे ऋण प्रबलन. ‘ऋण’ म्हटले की काहीतरी वाईट, म्हणजे शिक्षा, असा अर्थ मनात आपोआप येतो. पण या शास्त्रात धन म्हणजे काहीतरी मिळणे आणि ऋण म्हणजे काहीतरी दूर होणे. ‘प्रबलन’ म्हणजे वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढणे आणि ‘शिक्षा’ म्हणजे ती कमी होणे. गाडीत बसल्यावर पट्टा लावला नाही तर टिंगटिंग सुरू होते. पट्टा लावला की ती थांबते. त्रासदायक आवाज गेला आणि पट्टा लावायची सवय पक्की झाली, हे ऋण प्रबलन झाले. मुलाने खोटे बोलल्यावर त्याचा फोन काढून घेतला आणि त्याचे खोटे बोलणे कमी झाले, तर ती ऋण शिक्षा. दोन्हीकडे काहीतरी काढून घेतले गेले, पण एकीकडे वर्तन वाढले आणि दुसरीकडे घटले. म्हणून मुलाने क्रमाने दोनच प्रश्न विचारायचे : काही आले की गेले? वर्तन वाढले की घटले? ही सवय लागली की या विषयावरचा कोणताही प्रसंग उलगडतो.

दुसरी अशी जोडी संशोधनपद्धतीतली. यादृच्छिक निवड आणि यादृच्छिक वाटणी हे शब्द मुलांना एकच वाटतात. समजा, १,२०० मुलांच्या शाळेतून चिठ्ठ्या टाकून ६० मुले निवडली. ही निवड. आता त्या ६० जणांपैकी कोणी रात्री आठ तास झोपायचे आणि कोणी पाच, हेही चिठ्ठ्या टाकून ठरवले. ही वाटणी. पहिल्या चिठ्ठ्यांमुळे निष्कर्ष सगळ्या शाळेला लावता येतो. दुसऱ्या चिठ्ठ्यांमुळे गुणांतला फरक झोपेमुळेच पडला, असे म्हणण्याचा अधिकार मिळतो. दोन्ही वेळी चिठ्ठ्याच टाकल्या, पण त्यांनी मिळवून दिलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. बहुपर्यायी प्रश्नांत हा फरक हमखास तपासला जातो.

तिसरी गल्लत सहसंबंधाची. जास्त वेळ फोन पाहणारी मुले जास्त उदास असतात असे एखाद्या सर्वेक्षणात दिसले, तर फोनमुळे उदासी येते असे लगेच म्हणता येत नाही. उदास मूल फोनकडे वळत असेल. कदाचित झोप बिघडल्यामुळे दोन्ही गोष्टी वाढत असतील. वर्तमानपत्रातला आरोग्याचा कुठलाही मथळा घेऊन हा सराव वर्गात करता येतो, आणि तो परीक्षेनंतर आयुष्यभर उपयोगी पडतो.

चौथी जोडी विसरण्याची. एका मुलीने आधी स्पॅनिश शिकले आणि मग फ्रेंच. आता स्पॅनिश बोलताना फ्रेंच शब्द तोंडात येतात, म्हणजे नवे जुन्याला अडवते. फ्रेंच बोलताना स्पॅनिश शब्द मध्ये येत असतील, तर जुने नव्याला अडवते. या दोन अडथळ्यांना वेगवेगळी नावे आहेत. पण नावे पाठ करण्याआधी मुलाने स्वतःला विचारावे : आठवायचे काय आहे आणि मध्ये काय येते आहे? उत्तर मिळाले की नाव त्याच्या मागून येते.

या सगळ्यांतून शिकवणाऱ्यासाठी एक नियम निघतो. मुलांचे पाठांतराचे कार्ड उलटे करावे. बहुतेक मुले पुढच्या बाजूला संज्ञा आणि मागे व्याख्या लिहितात. परीक्षेत मात्र आधी प्रसंग येतो आणि संज्ञा शोधावी लागते. म्हणून पुढे प्रसंग लिहावा, मागे संज्ञा आणि ‘कशावरून’ याचे एका ओळीचे कारण लिहावे. प्रसंग मुलाने स्वतःच्या घरातला, शाळेतला, मैदानावरचा घ्यावा. फर्गस क्रेक आणि एंडेल टल्व्हिंग यांनी १९७५ साली दाखवून दिले होते की शब्दाच्या अक्षरांकडे किंवा यमकाकडे पाहणाऱ्यांपेक्षा त्याच्या अर्थाचा विचार करणाऱ्यांना तो शब्द कितीतरी चांगला लक्षात राहतो. स्वतःचा प्रसंग रचणे म्हणजे अर्थाचा विचार करणेच.

एक जुना प्रयोग, सहा प्रश्न

नव्या परीक्षेतला पहिला लेखी प्रश्न लेख-विश्लेषणाचा असतो. एका संशोधनाचा सारांश देतात आणि त्यावर सहा उपप्रश्न विचारतात. संशोधनाची पद्धत कोणती? अमुक चलाची कार्यात्मक व्याख्या काय, म्हणजे ते मोजले कसे? दिलेल्या सांख्यिकी आकड्याचा अर्थ काय? नैतिकतेचा कोणता नियम पाळला गेला? निष्कर्ष कोणाकोणाला लागू होतो? आणि या निष्कर्षामुळे अमुक संकल्पनेला आधार मिळतो की धक्का बसतो? एकूण ७ गुण आणि सुमारे २५ मिनिटे.

याची तयारी ऐन एप्रिलमध्ये करता येत नाही. ती वर्षभर, अभ्यासक्रमातला प्रत्येक गाजलेला प्रयोग हाताळताना करावी लागते. उदाहरण म्हणून एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ सालचा प्रयोग घेऊ. ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या सात छोट्या फिती दाखवल्या. नंतर विचारले की गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा त्यांचा वेग साधारण किती होता. पाच गटांना हाच प्रश्न क्रियापद बदलून विचारला. ‘चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचे क्रियापद ऐकणाऱ्यांनी सरासरी ताशी ४०.५ मैल सांगितले, ‘स्पर्श झाला’ अशा अर्थाचे क्रियापद ऐकणाऱ्यांनी ३१.८ मैल. फिती त्याच होत्या, बदलला होता फक्त एक शब्द.

पुढच्या प्रयोगात १५० विद्यार्थी होते. अपघाताची फीत दाखवून आठवड्याने त्यांना विचारले की फुटलेली काच दिसली होती का. फितीत काच फुटलेलीच नव्हती. तरीही ‘चक्काचूर’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले. सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी आणि वेगाबद्दल काहीच न विचारलेल्या ५० जणांपैकी ६ जणांनी ‘हो’ म्हटले.

मुले हा प्रयोग गोष्टीसारखा ऐकतात आणि विसरत नाहीत. पण त्याच्या शेवटी सहा प्रश्न विचारले तरच तो परीक्षेला उपयोगी पडतो. पद्धत : प्रयोग, कारण संशोधकांनी क्रियापद स्वतः बदलले. बदललेले चल : प्रश्नातले क्रियापद. मोजलेले चल : ताशी मैलांत सांगितलेला वेगाचा अंदाज. हीच त्याची कार्यात्मक व्याख्या. ‘स्मृती’ एवढेच लिहिले तर गुण मिळत नाही, कारण स्मृती थेट मोजता येत नाही, मैल मोजता येतात. आकड्यांचा अर्थ : एका शब्दाने सरासरी अंदाजात जवळपास ९ मैलांचा फरक पडला. नैतिकता : खरा उद्देश आधी सांगितला तर असा प्रयोग करताच येत नाही. म्हणून तो संपल्यावर सहभागींना सगळे समजावून सांगणे गरजेचे ठरते. व्याप्ती : सहभागी विद्यार्थी होते आणि अपघात पडद्यावरचा होता. रस्त्यावर खरा अपघात पाहून हादरलेल्या माणसाला हा निष्कर्ष तसाच लावताना थांबून विचार करायला हवा. आणि शेवटी संकल्पना : आठवण ही कपाटातून जशीच्या तशी काढलेली वस्तू नाही. आठवताना आपण ती पुन्हा रचतो आणि त्या रचनेत नंतर ऐकलेला शब्दही मिसळतो.

असेच सहा प्रश्न मिलग्रॅम यांच्या आज्ञाधारकपणाच्या प्रयोगाला, बांडुरा यांच्या बाहुलीच्या प्रयोगाला, अॅश यांच्या रेषांच्या प्रयोगाला विचारावेत. मिलग्रॅम यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ पुरुषांनी, दुसऱ्याला विजेचा झटका बसतो असे समजून, ४५० व्होल्टचे शेवटचे बटणही दाबले, हा आकडा बहुतेक मुलांना पाठ असतो. तेच ४० जण सगळ्या मानवजातीचे प्रतिनिधी कसे मानायचे आणि त्यांना झालेल्या मनस्तापाचे काय, हे प्रश्न मुलांनी विचारायला लागावे, एवढेच शिकवणाऱ्याचे काम.

दावा, पुरावा, आणि मधला दुवा

दुसरा लेखी प्रश्न पुराव्यावर आधारलेला असतो. त्याला सुमारे ४५ मिनिटे आणि पुन्हा ७ गुण. एकाच विषयावरच्या तीन संशोधनांचे सारांश समोर येतात. त्यांच्या आधाराने एक ठाम दावा मांडायचा, दोन वेगवेगळ्या स्रोतांतून पुरावे द्यायचे, आणि तो पुरावा दाव्याला कसा आधार देतो हे अभ्यासक्रमातल्या दोन वेगवेगळ्या संकल्पना वापरून समजावायचे.

इथे चांगले लिहिणाऱ्या मुलांचेही गुण जातात. कारण निबंधाची सवय आड येते. प्रस्तावना, सुंदर सुरुवात, शेवटी तात्पर्य यांना इथे गुण नाहीत. दुसरी चूक अशी की मुले पुरावा देतात आणि तिथेच थांबतात. ‘पहिल्या संशोधनात अंतर ठेवून शिकणाऱ्या गटाला जास्त गुण मिळाले’ एवढे लिहून पुरत नाही. ‘अंतर ठेवल्यामुळे प्रत्येक वेळी माहिती दीर्घकालीन स्मृतीतून पुन्हा ओढून काढावी लागते आणि त्या ओढण्यानेच ती घट्ट होते, म्हणून रोज थोडा अभ्यास करणे एका रात्रीत सगळा अभ्यास करण्यापेक्षा चांगले, हा दावा टिकतो’ असा दुवा जोडावा लागतो. सराव म्हणून वर्गात लाल पेनाने फक्त हा दुवा अधोरेखित करायला सांगावा. ज्या उत्तरात लाल रेघ सापडत नाही, ते अपुरे.

वर्षाचे गणित

जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःलाच प्रयोगाचे पात्र बनवून निरर्थक अक्षरगट पाठ केले आणि किती वेळात किती विसरले जाते ते मोजले. १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग त्याचा वेग मंदावतो. सप्टेंबरमध्ये शिकवलेला मेंदूचा धडा मे महिन्यात आठवत नाही, तो मुलाच्या आळसामुळे नव्हे. मधल्या आठ महिन्यांत तो कोणी पुन्हा विचारलाच नाही, म्हणून.

२०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा सविस्तर आढावा घेतला. स्वतःची परीक्षा घेत राहणे आणि अभ्यास वेळेत विभागून करणे, या दोन पद्धती सर्वांत उपयोगी ठरल्या. अधोरेखन आणि पुनर्वाचन या मुलांच्या सर्वांत लाडक्या पद्धतींचा उपयोग कमी निघाला. म्हणून वर्षाचे नियोजन असे असावे.

पहिले दोन आठवडे फक्त संशोधनपद्धती शिकवाव्यात. कारण पुढचे पाचही घटक त्याच भाषेत बोलतात. त्यानंतर प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटे पुस्तक मिटून लिहिण्याची. एक प्रश्न कालच्या धड्यावर, एक गेल्या महिन्यातल्या आणि एक सप्टेंबरमधल्या धड्यावर. याला गुण देऊ नयेत. भीती आली की मुले आठवण्यापेक्षा लपवण्याकडे वळतात. तपासून चूक मात्र लगेच दुरुस्त करावी.

हिवाळ्याच्या सुट्टीनंतर विषय मिसळावेत. नेट कोर्नेल आणि रॉबर्ट बियॉर्क यांनी २००८ साली वेगवेगळ्या चित्रकारांची निसर्गचित्रे विद्यार्थ्यांना दाखवली. काही चित्रकारांची चित्रे एकापाठोपाठ एक, काहींची सरमिसळ करून. नंतर न पाहिलेले चित्र कोणाचे हे ओळखायला सांगितले, तेव्हा सरमिसळ करून शिकलेले अधिक बरोबर निघाले. तरी बहुतेकांना सलग पद्धतच बरी वाटली होती. मुलांना एकाच घटकाचे वीस प्रश्न सोडवायला आवडतात, कारण उत्तर कुठल्या धड्यातले आहे हे आधीच ठाऊक असते. परीक्षेत ते ठाऊक नसते. प्रबलनाचा प्रश्न झोपेच्या प्रश्नाशेजारी येतो. तशीच सरमिसळ घरी करावी.

मार्चमध्ये घड्याळ लावून एक पूर्ण पेपर सोडवावा. त्यातली प्रत्येक चूक वहीत तीन रकान्यांत लिहावी : काय निवडले, बरोबर काय होते, आणि कोणत्या शब्दाने फसवले. एप्रिलमध्ये पुस्तकापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडते. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री झोपावे. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जॉन जेनकिन्स आणि कार्ल डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर केलेल्या छोट्या अभ्यासात दिसले होते की पाठ केल्यानंतर झोपलेल्याला, तेवढाच वेळ जागे राहिलेल्यापेक्षा जास्त आठवते. नंतरच्या संशोधनाने झोपेचे हे काम आणखी स्पष्ट केले आहे. रात्र जागून मिळवलेली चार पाने सकाळी हरवलेल्या लक्षाची भरपाई करत नाहीत.

शिकवताना जपायचे

हा विषय माणसाच्या मनाचा आहे आणि तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना शिकवायचा आहे. मानसिक आजारांचा घटक सुरू झाला की मुलांना लक्षणांची यादी स्वतःत दिसू लागते. घरातल्या माणसांना, मित्रांना नावे चिकटवली जातात. शिक्षकाने पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगाव्यात. आपण इथे निदान करायला शिकत नाही. आणि वाचताना स्वतःबद्दल काळजी वाटली तर ती वर्गात नव्हे, समुपदेशकाकडे किंवा घरातल्या मोठ्या माणसाकडे बोलावी. वर्गात कोणाच्या तरी घरी हे दुखणे खरोखर असते, हे गृहीत धरूनच बोलावे. ‘तो वेडा आहे’ हा शब्दप्रयोग ज्या वर्गात थांबतो, त्या वर्गाला हा घटक समजला.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रम न छाटण्याची. २०२३च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडा राज्यात लैंगिक ओळख आणि लैंगिक कल यांवरचा भाग शिकवण्यावरून वाद पेटला. हा भाग गाळला तर त्या अभ्यासक्रमाला एपी म्हणता येणार नाही, अशी भूमिका कॉलेज बोर्डाने घेतली. शेवटी मुलांच्या वयाला साजेशा रीतीने पूर्ण अभ्यासक्रम शिकवता येईल, असे राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी कळवले. ‘महाविद्यालयीन पातळी’ या शब्दांना अर्थ असेल, तर महाविद्यालयात जे शिकवतात ते सगळे शिकवायला हवे. अवघड विषय जपून शिकवता येतो, वगळून नाही.

घर काय करू शकते

पालक विचारतात, ‘किती धडे झाले?’ या प्रश्नाचे उत्तर मूल पानांत देते. त्याऐवजी म्हणावे, ‘पुस्तक मिट आणि मला समजावून सांग.’ परदेशातल्या मराठी मुलांना तर एक वेगळी संधी आहे. धडा इंग्रजीत शिकलेला असतो. तो आजीला मराठीत सांगायचा ठरवला की पाठ केलेली व्याख्या कामाला येत नाही. ऋण प्रबलन आजीला समजावताना पट्ट्याची टिंगटिंग किंवा कुकरची शिट्टी आठवावी लागते आणि तिथेच कळते की आपल्याला खरोखर काय समजले आहे. आजीचा एखादा भाबडा प्रश्नही पेपर काढणाऱ्याच्या प्रश्नाइतकाच नेमका असतो.

हे फक्त अमेरिकेतल्या परीक्षेपुरते नाही. सीबीएसईमध्ये अकरावी-बारावीला मानसशास्त्र हा विषय आहे. त्याला ७० गुणांची लेखी परीक्षा आणि ३० गुणांचे प्रात्यक्षिक असते. महाराष्ट्र मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयांतही हजारो मुले-मुली हा विषय घेतात. ‘व्याख्या लिहा’, ‘टिपा लिहा’ या वळणाने त्याचा अभ्यास होतो तेव्हा विषय कोरडा पडतो. तोच विषय प्रसंगातून, प्रयोगातून, ‘कशावरून?’ या प्रश्नातून शिकला तर परीक्षा कुठलीही असो, हाती पक्के ज्ञान राहते.

आठवायला बसलो की अडखळायला होते, कागद कोरा दिसतो, मन खट्टू होते. पुन्हा वाचले की सगळे ओळखीचे वाटते, बरे वाटते. म्हणूनच मुले वाचत राहतात. त्यांना एवढेच सांगा की तो अडखळण्याचा क्षण म्हणजेच अभ्यास आहे. आज रात्री मुलासमोर एक कोरा कागद ठेवा, पुस्तक मिटवा आणि दहा मिनिटे त्याच्याशेजारी गप्प बसून राहा.